तीन डोळ्यांचा आड

शांघायच्या डिसेंबरात ऊन ही उधारीची चीज असते. आभाळ राखाडी, हवा ओली, आणि थंडी अशी की स्वेटरवर स्वेटर चढवले तरी हाडांत शिरतेच. लातूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आमच्या सासूबाई दहाव्या दिवशीच म्हणाल्या, "अगं, वाळवण तर सोडच, इथं माणूससुद्धा वाळायचा नाही." मुलांना शाळेची सुट्टी लागली होती. थोरलीला (वय नऊ) बर्फ हवा होता, धाकट्याला (साडेपाच) याक, आईंना ऊन. नवऱ्याला एवढंच हवं होतं की कोणी कोणावर ओरडू नये. त्यामुळे चीनच्या नैर्ऋत्येच्या युन्नान प्रांतातलं लिजियांग ठरलं. समुद्रसपाटीपासून 2,400 मीटरवरचं आठेकशे वर्षांचं गाव, मागं बर्फाचा डोंगर, आणि हिवाळा कोरडा, लख्ख उन्हाचा.

पहिला दिवस : कुनमिंग

शांघायहून थेट विमान होतं, पण मुलं आणि आई सोबत असताना एकदम 2,400 मीटरवर जाऊन आदळायला नको, म्हणून 1,900 मीटरवरच्या कुनमिंगला एक मुक्काम केला. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

कुनमिंगला एकच गोष्ट केली, ती म्हणजे त्सुईहू तळ्यावरचे कुरव. सायबेरियाकडून हे काळ्या डोक्याचे पक्षी दर हिवाळ्यात इथं येतात. 1985 साली ते पहिल्यांदा मोठ्या संख्येनं शहरात उतरले आणि तेव्हापासून कुनमिंगकरांनी त्यांना पाहुण्यांसारखं सांभाळलंय. हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. धाकट्यानं "मग काळं डोकं कुठाय?" असा हिशेब मागितला. काठावर पक्ष्यांसाठी पावाची पाकिटं मिळतात. हवेत तुकडा उडवला की वरच्या वर झेलतात. एकानं धाकट्याच्या बोटातूनच तुकडा नेला, त्यावर अर्धा तास रडारड, मग पुढचा अर्धा तास "अजून एक पाकीट".

दुसरा दिवस : चाकांची बॅग आणि दगडी रस्ता

कुनमिंग ते लिजियांग रेल्वेनं साडेतीनेक तास. मधे दाली लागतं, एरहाय तळ्याचा निळा पट्टा दिसतो न दिसतो तोच बोगदा. मुलांनी बोगदे मोजायला घेतले आणि तिशीच्या आसपास भांडण होऊन मोजणी बंद पडली.

जुन्या गावात गाडी जात नाही. गावाच्या तोंडाशी, त्या दोन मोठ्या पाणचक्क्यांपाशी, टॅक्सीनं सोडलं. पुढं गुळगुळीत झालेल्या दगडांची फरसबंदी. शेकडो वर्षांच्या माणसांच्या आणि खेचरांच्या पायांनी हे दगड असे झालेत हे वाचायला छान वाटतं. त्यावरून चार चाकांच्या बॅगा ओढून बघा. दहा मिनिटांत एका बॅगेचं चाक निखळलं. शेवटी घरमालक हातगाडी घेऊन आला, सामान चढवलं, सामानावर धाकट्याला चढवलं, आणि आमची वरात निघाली.

घर नाशी या इथल्या जमातीच्या पद्धतीचं. मधे अंगण, तीन बाजूंना दुमजली लाकडी खोल्या आणि चौथ्या बाजूला नुसती पांढरी भिंत. सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं आणि अंगणभर उजेड पसरतो. आईंनी वाकून जोतं पाहिलं, खांब पाहिले आणि म्हणाल्या, "हा तर वाडा आहे." खोलीत मात्र गारठा. चीनच्या उत्तरेला असते तशी घरं गरम करायची सोय इथं नसते. गादीवर विजेची चादर असते तेवढीच. म्हणजे बाहेर उन्हात पंधरा अंश, आत सावलीत बर्फ. युन्नानच्या हिवाळ्याचा हा नियम लक्षात ठेवायचा: दिवसभर घराबाहेर राहायचं आणि रात्री पांघरुणाबाहेर हातही काढायचा नाही.

संध्याकाळी फिरायला निघालो आणि माझा विरस झाला. लाल कंदील, रोषणाई, बारमधून येणारी गाणी, दर चौथं दुकान हातानं वाजवायच्या ढोलकाचं, तिथं बसलेली मुलगी कंटाळलेल्या चेहऱ्यानं एकच ठेका धरून. फुलांच्या सारणाचे केक, याकचं वाळवलेलं मांस, चांदीच्या बांगड्या, आणि परत पहिल्यापासून तेच. मूळचे बरेच लोक घरं भाड्यानं देऊन नव्या शहरात राहायला गेलेत. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन आपण एका लांबलचक दुकानात शिरलोय.

तिसरा दिवस : पाणी

सातला जाग आली तर बाहेर मिट्ट काळोख. साडेसातला तेच. अख्ख्या चीनचं घड्याळ पेइचिंगच्या वेळेवर चालतं आणि लिजियांग पेइचिंगच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो. मुलं मात्र पोटातल्या घड्याळावर चालतात. अंधारातच टोप्या-मफलर गुंडाळून सगळे बाहेर पडलो.

कालचं गाव नाहीसं झालं होतं. दुकानांना लाकडी फळ्या लावलेल्या, रस्ते रिकामे, आणि ऐकू येत होता तो फक्त पाण्याचा आवाज. काल रात्री गाण्यांखाली हा आवाज दबलेला होता. प्रत्येक गल्लीच्या कडेनं एक पाट वाहतो, दगडात बांधलेला, तळ दिसेल इतका नितळ. घरांच्या दारांशी पाटावर दोन फळ्यांचे, एका शिळेचे छोटे पूल. उत्तरेला काळ्या ड्रॅगनचं तळं आहे, तिथून निघालेला ओढा गावाच्या तोंडाशी तीन फाट्यांत फुटतो आणि ते फाटे पुन्हा फुटत फुटत घराघरापर्यंत जातात. जुन्या जमान्यात नगररचनेचा नकाशा नव्हता, पाणी जाईल तशी गल्ली गेली. हे कळलं की रस्ता चुकत नाही: परत मुख्य चौकाकडे यायचं तर पाण्याच्या उलट दिशेनं चालायचं. थोरलीनं हे एकदा ऐकलं आणि पुढचे तीन दिवस वाट दाखवायचं काम स्वतःकडे घेतलं.

बायमा लोंगतान नावाच्या झऱ्यापाशी 'सान यान चिंग' पाहिला. शब्दशः अर्थ तीन डोळ्यांचा आड. एकाखाली एक उतरत गेलेली तीन कुंडं. जिथं झरा फुटतो ते पहिलं कुंड पिण्याच्या पाण्याचं. ते भरून वाहिलं की दुसऱ्यात, तिथं भाजी धुवायची. तिथून तिसऱ्यात, तिथं कपडे. एक आजीबाई दुसऱ्या कुंडावर बसून मोठाल्या पानांची भाजी धूत होत्या. धाकट्यानं हात बुचकळायला पहिल्या कुंडाकडे धाव घेतली, तशा त्या अशा खणखणीत आवाजात ओरडल्या की भाषा कळायची गरजच पडली नाही. आई मात्र खूश. "बरोबर आहे त्यांचं. आमच्या आडावर हात घातला असतास तर माझ्या सासूनं घागर फेकून मारली असती." मग त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

पुढं सिफांग चौक. चहा आणि घोड्यांच्या व्यापारी वाटेवरचा हा बाजार. दक्षिणेकडून पुअरचा चहा खेचरांवर लादून इथं यायचा, इथून वर तिबेटात. या वाटेचं एक टोक आपल्याकडेही पोचलं होतं: 1942 साली जपान्यांनी ब्रह्मदेशातून चीनला येणारा रस्ता तोडल्यावर लिजियांगचे तांडे ल्हासामार्गे थेट कालिंपोंगला जाऊ लागले आणि तिथून माल भरून महिनोन्‌महिने चालत परत येऊ लागले. नाशी व्यापाऱ्यांची ती भरभराटीची वर्षं.

चौकाची जमीन मधे उंच आणि कडांना उतरती आहे. पूर्वी बाजार उठला की शेजारच्या ओढ्याची फळी टाकून पाणी अडवायचे. पाणी चढून चौकभर पसरायचं आणि दिवसभराची घाण घेऊन पलीकडच्या ओढ्यात उतरायचं. झाडू नको की टँकर नको. हे ऐकून दोन्ही मुलं अर्धा तास फळी शोधत होती.

दुपारी मूफू, म्हणजे मू राजांचा वाडा. इथल्या मू घराण्यानं युआन काळापासून (तेरावं-चौदावं शतक) 1723 पर्यंत या मुलखावर राज्य केलं. त्यांच्या राजधानीला तट नाही, आणि त्याचं कारण सांगतात ते थोरलीला इतकं आवडलं की तिनं धुळीत बोटानं काढून दाखवलं. 'मू' म्हणजे लाकूड, झाडासारखं अक्षर. त्याच्याभोवती चौकट काढली की होतं 'खुन', म्हणजे अडकलेला. कोणता राजा स्वतःच्या नावाभोवती भिंत बांधून घेईल? खरंखोटं मू राजांना ठाऊक, पण शाळेत चिनी अक्षरं गिरवून वैतागलेल्या मुलीला एक अक्षर जन्मभरासाठी पाठ झालं. वाडा मात्र मला फार चकचकीत वाटला. त्याचं कारण रात्री कळलं.

जेवणाचं सांगते, कारण आईंबरोबर चीनमध्ये फिरायचं म्हणजे निम्मा प्रवास स्वयंपाकघराच्या दारातच होतो. 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे, एवढ्यावर भागत नाही, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. तेल कोणतं ते वेगळं विचारावं लागतं. इथली प्रसिद्ध 'बाबा' नावाची पोळी त्यामुळे आईंच्या यादीतून गेली. पण युन्नाननं त्यांना उपाशी ठेवलं नाही. शेळीच्या दुधाचं पनीर इथं चक्क मिळतं, 'रूबिंग' म्हणतात. मग 'लाओनाय यांग्यू', म्हणजे आजीचे बटाटे: उकडून कुस्करलेले, मिरची आणि कांद्याच्या पातीवर परतलेले, दात नसलेल्या आजीलाही खाता यावेत असे. नाव ऐकून मुलांनी दोन बशा मागवल्या. आणि 'चिदोउ ल्यांगफन', कडधान्याच्या पिठाची करडी वडी, तव्यावर खरपूस भाजून वर तिखट. आईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "पाटवडी आहे ही. फक्त हळद विसरलेत."

रात्री अंगणात कोळशाची शेगडी पेटवली होती. घरमालकाची आई शेगडीपाशी बसलेली, सत्तरीपलीकडची. पाठीवर नाशी बायकांचं ते मेंढीच्या कातड्याचं पांघरूण, त्यावर सात गोल नक्षीदार तबकड्या. चांदण्या अंगावर घेऊन पहाटे घराबाहेर पडणारी आणि चांदण्यातच परतणारी बाई, असा त्याचा अर्थ लावतात. "म्हणजे सुट्टी नाहीच," आई म्हणाल्या. संभाषणाची साखळी अशी: आई मराठीत मला, मी मोडक्या चिनीत घरमालकाला, तो नाशीत आपल्या आईला. मी सहज विचारलं, घर किती जुनं? त्यावर आजीबाईंनी कोपऱ्यातल्या एका भिंतीकडे बोट दाखवलं. बाकीच्या भिंतींपेक्षा तिचा रंग नवा होता.

3 फेब्रुवारी 1996. संध्याकाळी सातनंतर भूकंप झाला, 7 रिश्टरचा. या भागात तीनशेहून जास्त माणसं गेली. मूफू आज दिसतो तो त्यानंतर नव्यानं उभारलेला. आजीबाई सांगत होत्या, चूल पेटलेली, सूप वर ठेवलेलं, आणि ही भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. पण छप्पर जागेवर. नाशी घरात छपराचा भार भिंतीवर नसतोच. खांब आणि तुळया खिळ्यांशिवाय एकमेकांत अडकवलेल्या असतात, धक्का बसला की त्या कुरकुरतात, हलतात, पण सुटत नाहीत. मातीच्या विटांची भिंत मागाहून भरलेली. इकडे म्हणच आहे, भिंत पडते, घर पडत नाही. गावातली काँक्रीटची नवी बांधकामं म्हणे कोसळली आणि जुनी लाकडी घरं बरीचशी तगली. मग नवी बांधकामं बरीचशी काढून टाकली, जुन्या पद्धतीनं घरं सावरली, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1997 मध्ये, गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

मी भाषांतर करत होते आणि आई काही बोलत नव्हत्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडे उलटं झालं."

आई औसा तालुक्यातल्या. 30 सप्टेंबर 1993, गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. "भिंती दोन-दोन हात रुंद. दगडाच्या. वर माळवद, त्याच्यावर दर वर्षी पांढऱ्या मातीचा थर. आम्हाला वाटायचं, केवढं भक्कम. ते सगळं आत आलं." आईंची मावशी आणि तिच्या दोन सुना त्यात गेल्या, हे मला माहीत होतं. मुलांना नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात मी आईंना त्या पहाटेबद्दल एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि माझं चिनी त्या ठिकाणी संपलं. 'माळवद'ला शब्द कुठून आणू? नवऱ्यानं हातानंच दाखवलं: भिंत, भिंत, वर माती, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले.

आजीबाईंनी चिमटा घेऊन शेगडीतले निखारे आईंच्या बाजूला सारले. बराच वेळ कोणी बोललं नाही. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता. थोरलीनं तेवढं विचारलं, "आजी, मग आता तुझं घर कसलंय?" आई म्हणाल्या, "पत्र्याचं होतं आधी. आता स्लॅबचं."

चौथा दिवस : डोंगर

ज्याच्यासाठी आलो तो दिवस, म्हणून चार ओळींत संपवते. यूलोंग श्वेशान, 5,596 मीटर. मोठा रोपवे 4,506 मीटरपर्यंत नेतो. आम्ही ऑक्सिजनचे डबे घेतले, भाड्याचे लाल जाड कोट घातले, धाकटा कोटात चालताना गादीच्या गुंडाळीसारखा दिसत होता. आणि वारा सुटल्यामुळे रोपवे बंद. हिवाळ्यात इथं असं वरचेवर होतं, त्यामुळे एक दिवस हाताशी राखून ठेवावा. आम्ही ठेवला नव्हता.

थोरलीनं तोंड फिरवलं. मला मनातून सुटल्यासारखं झालं, कारण साडेचार हजार मीटरवर साडेपाच वर्षांच्या मुलाला न्यावं का, यावर मी दोन रात्री तळमळत होते. धाकट्या रोपवेनं 3,240 मीटरवरच्या युनशानपिंगला गेलो. देवदारांच्या कुळातली उंच झाडं, मधे मोकळं कुरण, सावलीच्या जागी मूठ-मूठ बर्फ, समोर अख्खा डोंगर. तेवढ्या बर्फात थोरलीनं वीतभर उंचीचा बाहुला केला. पूर्वी घरच्यांनी लग्न दुसरीकडे ठरवलेली नाशी जोडपी जीव द्यायला या कुरणात यायची. हे मी पाटीवर वाचलं आणि मुलांसाठी भाषांतर केलं नाही.

खाली निळ्या चंद्राच्या दरीतलं पाणी खरोखर मोरचुदाच्या रंगाचं आहे. याक दिसला. फोटोचे पैसे घेणारा, शिंगांना लाल गोंडे बांधलेला, आयुष्याला कंटाळलेला. धाकट्याचं समाधान झालं. थोरलीचं डोकं दुखायला लागलं, गरम पाणी पाजलं, गाडीत झोपवलं, खाली आल्यावर बरं वाटलं.

पाचवा दिवस : खुणांची लिपी

सकाळी काळ्या ड्रॅगनचं तळं. पाच कमानींचा पूल, मागं डोंगर, दोन्ही पाण्यात उलटे. आम्ही गेलो तेव्हा तळं भरलेलं होतं. सलग दुष्काळाची वर्षं आली तर ते तळापर्यंत आटतं आणि मग गावातले पाटही सुकतात.

शेजारीच दोंगबा संग्रहालय. दोंगबा म्हणजे नाशींचे पुरोहित, आणि त्यांची चित्रलिपी. गावातल्या पाट्यांवर ती सगळीकडे दिसते, चिनी आणि इंग्रजीच्या डोक्यावर. थोरलीनं तीन दिवसांत वहीत चाळीसेक चित्रं उतरवली होती: डोंगर, सूर्य, पाणी, नाचणारा माणूस. पण दुकानांवरची ही अक्षरं बरीचशी सजावटीपुरती असतात, कारण ही लिपी दुकानांसाठी नव्हतीच. पोथीत सगळे शब्द लिहिलेले नसतात, फक्त खुणा. मधलं सगळं दोंगबाला पाठ असावं लागतं. आईंना हे लगेच पटलं. त्यांच्या गावचे कीर्तनकारबुवा म्हणे चिठोऱ्यावर चार शब्द लिहून दोन तास उभे राहायचे. या पोथ्यांना 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदीत जागा मिळाली, पण त्या अस्सल वाचू शकणारे वृद्ध दोंगबा आता मोजकेच उरलेत.

तिथं एका चित्रासमोर धाकटा थबकला. कमरेच्या वर माणूस, खाली साप. "नागोबा!" तो 'शू', निसर्गाचा धनी. नाशींच्या कथेत माणूस आणि शू एकाच बापाचे सावत्र भाऊ. वाटणी झाली तेव्हा शेत आणि गुरं माणसाकडे आली, जंगल, पाणी आणि रानातली जनावरं शूकडे गेली. माणसानं हावरटपणा केला की शू चिडतो, आजार पाठवतो. म्हणून झऱ्यात घाण करायची नाही. पहिल्या कुंडावर ओरडा का खाल्ला, ते धाकट्याला आता कळलं. "मला काय माहीत ते नागोबाचं आहे," तो म्हणाला.

दुपारी बायशा गाव. मू राजांची ही आधीची गादी. देवळातली मिंग काळातली (चौदावं ते सतरावं शतक) भित्तिचित्रं बघायला खास आलो होतो: एकाच भिंतीवर बौद्ध, ताओ आणि तिबेटी देव गुण्यागोविंदानं बसलेले. आत अंधार, मुलं पाच मिनिटांत बाहेर. मी आणखी दहा मिनिटं चोरली. बाहेर येऊन पाहते तो आई रस्त्याकडेला मक्याची कणसं लटकवलेल्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, डोळे मिटून बसलेल्या. लिजियांगमध्ये ढोलकांची दुकानं टाळायची असतील तर मुक्काम बायशाला करा, असं मी आता सगळ्यांना सांगते. आईंना मी उठवलं नाही. परतीची बस गेली, पुढची पकडली.

सहावा दिवस : तांब्याची पळी

निघायच्या दिवशी सकाळी चुंगयी मंडई. गाव अजून कुठं जिवंत आहे विचाराल तर इथं. पाठीवर टोपल्या घेतलेल्या नाशी आज्या, वाळलेल्या मिरच्यांचे ढीग, लोणच्याच्या बरण्या, जिवंत कोंबड्या, दात काढून देणारा डॉक्टर, आणि तांबटांची ठकठक. लिजियांगची तांब्याची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. आईंनी एक पळी उचलली, बोटानं वाजवली, जोड तपासला आणि अस्खलित मराठीत घासाघीस सुरू केली. तांबट नाशीत उत्तर देत होता. मी मधे पडले तर दोघांनीही हातानं गप्प केलं. पंधरा युआन कमी झाले.

घरमालकाच्या आईनं आईंना सुक्या मिरच्यांची पुरचुंडी दिली. आईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. मला ठाऊक आहे, तो डबा आईंच्या लग्नातला होता. मी तिथं काही बोलले नाही.

स्टेशनवर सामान तपासणीच्या यंत्रात पळी अडकली. पडद्यावर लांब दांडा आणि गोल डोकं पाहून रखवालदारानं बॅग उघडायला लावली, आणि पळी हातात धरून आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. मी शब्द शोधत होते तोवर आईंनी त्याच्या हातून पळी घेतली, हवेत आमटी वाढल्यासारखी दोनदा फिरवली, आणि त्यानं आम्हाला जाऊ दिलं.